ऊसतोडकामगारकल्याणमहामंडळ!

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि त्यांच्या कामाला 'ऊसतोड'. त्या शब्दाला 'कामगार' जोडा, मग 'कल्याण', मग 'महामंडळ'. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने राज्य सरकारने काढलेल्या महामंडळाचं नाव असंच वाढत गेलं आहे. पाटीवर मध्ये मोकळी जागा सोडतात, म्हणून वाचताना दम लागत नाही. जर्मन माणसाने मात्र ते वरच्या मथळ्यासारखं सलग लिहिलं असतं.

जर्मन शब्दांच्या लांबीची सारी गंमत या सलग लिहिण्यात आहे. तिथल्या मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याने १९९९ मध्ये गोमांसाच्या लेबलांवरील देखरेखीचा एक कायदा केला. त्याच्या नावातला एकच शब्द ६३ अक्षरांचा होता. मराठीत तो साधारण 'गोमांसलेबलदेखरेखकामहस्तांतरणकायदा' असा होईल. २०१३ मध्ये कायदा रद्द झाला, तेव्हा या शब्दाच्या निरोपाची बातमी देशोदेशी छापून आली.

असा शब्द उलगडायची युक्ती सोपी आहे: शेवटून सुरुवात करायची. शेवटचं पद वस्तू कोणती ते सांगतं, आधीची पदं ती कशी किंवा कशाची ते सांगतात. वरचा शब्द कितीही लांबला तरी तो अखेर एक कायदाच आहे. आपली 'घोडनवरी'ही आधी नवरी आहे, घोड नंतर.

जोड देताना दोन्ही भाषा पदांची काटछाट करतात. जर्मनमध्ये 'शूलं' म्हणजे शाळा आणि 'बूख' म्हणजे पुस्तक. दोन्ही जोडताना शाळेचा शेवटचा स्वर गळतो आणि 'शूलबूख' होतं. मराठीत 'घोडा' दौडीला लागला की त्याचा काना जातो आणि 'घोडदौड' उरते. 'पाणी'सुद्धा 'पाण' होतं. पाणबुडी पाण्यात बुडते, पाणचक्की पाण्यावर चालते, पाणपोई पाणी पाजते. विभक्तीचा प्रत्यय कुठेच नाही, तरी तिन्ही ठिकाणचं वेगळं नातं आपलं डोकं क्षणात जुळवतं. समासाचं खरं शास्त्र या न लिहिलेल्या नात्यात आहे.

कधी दोन्ही भाषांची नजर एकाच गोष्टीवर पडते, तर कधी वेगवेगळ्या गोष्टींवर. जर्मन माणूस हातमोज्याला 'हांटशू' म्हणजे हाताचा बूट म्हणतो. आपण हाताला पायातला मोजा चढवला. वाफेवरच्या जहाजात त्याला वाफ दिसली आणि त्याने 'डाम्फशिफ' म्हटलं. आपल्याला भट्टीतली आग दिसली, म्हणून 'आगबोट'.

काही जोडशब्द मात्र शेवटच्या पदालाही जुमानत नाहीत. 'लंबोदर' हे पोट नव्हे, ते पोट असलेला गणपती. जर्मन 'डिककोप्फ' म्हणजे शब्दशः जाड डोकं, पण अर्थ हट्टी माणूस. या प्रकाराला जगभरचे भाषाशास्त्रज्ञ आजही संस्कृत व्याकरणातल्याच नावाने ओळखतात: बहुव्रीही. तत्पुरुष आणि द्वंद्व हेही त्यांच्या रोजच्या वापरात आहेत.

बीड जिल्ह्याला तर या कलेचा जुना वारसा आहे. अंबाजोगाईशी नातं सांगणाऱ्या मुकुंदराजांच्या ग्रंथाचं नाव 'विवेकसिंधु'. परंपरा तो ११८८चा मानते. त्याच गावच्या दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकात 'गीतार्णव' रचला. सिंधू काय, अर्णव काय, दोन्ही समुद्रच! बालाघाटाच्या डोंगरात राहून या दोघांनी एकेका शब्दात समुद्र जोडला.

म्हणून लांब शब्दाला घाबरायचं कारण नाही. अडतं ते लांबीमुळे नव्हे, आतलं एखादं पद अनोळखी असल्यामुळे. 'पाणलोट' हा शब्द पाटोद्याच्या किंवा आष्टीच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही, कारण पाणीही त्याचं आणि लोटही त्याचा. त्याला 'क्षेत्र' जोडा, 'विकास' जोडा, 'कार्यक्रम' जोडा. अर्थ हातचा सुटत नाही. विज्ञानासाठी नवे मराठी शब्द घडवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: शब्द खुशाल लांब करा, पण त्याची पदं लोकांच्या तोंडातली घ्या. आणि वर्गात 'प्रकाशसंश्लेषण' आलं की गुरुजींनी ते पाठ करून घेण्याआधी मुलांना शेवटच्या पदापासून सोडवायला द्यावं. एकदा ही सवय लागली, की ६३ अक्षरांचा जर्मन शब्दसुद्धा मुलं हसतखेळत फोडतील.