वातीच्या टोकाची काजळी

तासभर जळलेली मेणबत्ती जरा जवळून पाहा. वातीच्या टोकाला काळी, भुसभुशीत गाठ धरलेली दिसते, पावसाळ्यात कुजक्या लाकडावर उगवणाऱ्या छत्रीसारखी. समईच्या वातीला येते तीच ही काजळी. समईची गाठ आपण काडीने झाडतो, वात सारखी करतो, आणि ज्योत पुन्हा स्थिर होते. मेणबत्तीकडे मात्र असं लक्ष कोणी देत नाही. धूर यायला लागला की मेण हलकं असेल म्हणून मोकळे होतो. खरं तर पुष्कळदा मेण ठीक असतं. वात लांब झालेली असते.

लांब वातीने धूर का येतो, हे समजायला ज्योतीच्या आत डोकवावं लागतं. पेटतं ते मेण नव्हे, मेणाची वाफ. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवती पातळ मेणाचं छोटं तळं साचतं. टिपकागद शाई ओढतो तशी वात ते मेण वर ओढते, आणि वर पोचता पोचता त्याची वाफ होते. मेण म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांबलचक साखळ्या. ज्योतीच्या पोटात, वातीलगतच्या काळसर भागात, पुरेशी हवा पोचत नाही. तिथे या साखळ्या नुसत्या उष्णतेने तुटतात आणि कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. हीच काजळी. कण वर सरकताना तापून पिवळे होतात. मेणबत्तीचा जो उजेड आपण वाचायला वापरतो, तो या तापलेल्या काजळीचाच असतो! ती नसती तर ज्योतीच्या बुडाशी दिसते तेवढी फिकट निळी झाक उरली असती.

मायकेल फॅरेडे यांनी १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्यानं सुरू केली. त्यांत त्यांनी दाखवलेली एक गोष्ट घरी करून पाहण्यासारखी आहे. पेटलेली मेणबत्ती कडक उन्हात धरा आणि मागे पांढरा कागद ठेवा. ज्योतीचा जो भाग सर्वांत तेजस्वी, त्याचीच सावली कागदावर सर्वांत गडद पडते. उजेडाची सावली कशी पडेल? कारण तिथे घन कण दाटलेले असतात.

हे कण ज्योतीच्या कडेपर्यंत आले की त्यांना हवा मिळते आणि ते जळून जातात. जळण्याआधीच निसटले, तर काळा धूर. आपल्याकडे घरी काजळ धरत, तेव्हा नेमकं हेच घडवून आणत. दिव्यावर थंड वाटी उपडी धरली की कण जळायच्या आत गारठतात आणि वाटीला चिकटतात. डोळ्यात घालायला हवी असलेली ही काजळी भिंतीवर मात्र नको असते, एवढाच फरक.

आता वातीकडे येऊ. वात जितकी लांब, तितकं जास्त मेण वर चढतं, जास्त वाफ होते, ज्योत उंच होते. पण हवा ज्योतीत बाहेरूनच शिरते, तिचा पुरवठा त्या मानाने वाढत नाही. मग काही कार्बन वातीच्या टोकावरच साचत जातो, काही धुरातून बाहेर पडतो. टोकावरची गाठ तापते, आपल्या अंगावरूनही वाफ सोडते, आणि ज्योत आणखी फोफावते. रंग आणि सुगंध भरपूर घातलेल्या मेणबत्त्यांत ही गाठ लवकर धरते.

पूर्वी हा त्रास फार मोठा होता. चरबीच्या मेणबत्त्यांत पिळाची सुती वात असे. ती ज्योतीच्या मधोमध ताठ उभी राही, तिथे हवा नाही म्हणून तिचं टोक जळत नसे, आणि ते सतत छाटावं लागे. त्यासाठी वेगळ्या कात्र्या मिळत. त्यांच्या पात्यावर छाटलेलं टोक झेलायला डबी असे. १८२५मध्ये काम्बासेरेस या फ्रेंच माणसाने वेणीसारखी विणलेली वात आणली. जळताना ती एका बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या कडेला हवेत येतं आणि आपोआप जळून जातं. म्हणून वाकलेलं टोक दिसलं तर ते सरळ करू नका. वाकणं हेच त्या वातीचं काम आहे.

तरीही जाड मेणबत्त्यांची वात छाटावी लागतेच. पेटवण्याआधी, मेण गार असताना, ती साधारण ६ मिलिमीटर ठेवा. साधं नेलकटर पुरतं. छाटलेला काळा तुकडा मेणात पडू देऊ नका. तो तिथे पेटला तर दुसरी वातच होतो. चारेक तासांनी मेणबत्ती मालवून गार होऊ द्यावी आणि पुन्हा छाटावी.

वाऱ्याचं मात्र छाटून भागत नाही. पंख्याखाली ज्योत फडफडते, तिचे तुकडे पडतात, आणि अर्धवट जळलेले कण थेट खोलीत येतात. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वसईच्या दफनभूमीत कबरींवर मेणबत्त्या लावतात. तिथे समुद्राकडच्या वाऱ्यात उघड्यावरची ज्योत धूर सोडणारच. अशा जागी काचेचा आडोसा हवा, पण वरून उघडा आणि पुरेसा रुंद. अरुंद, खोल बरणीत हवा नीट आत येत नाही, आणि काचेच्या आतल्या कडेला काळी पट्टी धरते.

बरणीतली नवी मेणबत्ती पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचं मेण काठापर्यंत वितळू द्या. नाहीतर मध्ये विहीर पडते, ज्योत खाली जाते आणि हवेला मुकते.

शेवटी मालवणं. फुंकर मारली की पांढरा धूर येतो. तो काजळीचा नव्हे, गारठून दिसू लागलेल्या मेणाच्या वाफेचा असतो. त्याच्या रेघेला लगेच जळती काडी लावली तर आग त्या रेघेवरून उतरून वात पुन्हा पेटवते. हा धूर नको असेल तर फुंकू नका. लोखंडी सळईने किंवा चमच्याच्या दांड्याने वात पातळ मेणात बुडवा आणि लगेच उभी करा. धूर जवळजवळ येत नाही, वात मेणाने माखते, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच काडीला धरते.