छपरासाठी पाच हजार किलोमीटर

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोहून निघायचं आणि अख्खी अमेरिका आडवी ओलांडून जॉर्जियातल्या सव्हानाला पोचायचं, तेही सायकलवर. मुक्काम चर्चच्या हॉलमध्ये, जमिनीवर पथारी टाकून. आणि हा सगळा खटाटोप कुणा अनोळखी माणसाच्या गळक्या छपरासाठी. ‘फुलर सेंटर फॉर हाउसिंग’ या ख्रिस्ती संस्थेने २००८ साली अशी पहिली मोहीम काढली आणि पुढे वेगवेगळ्या वाटांनी ती निघत राहिली. ऐकणारा पहिल्यांदा हेच विचारतो की, छपराला पैसे हवेत तर ते सरळ पाठवावेत, मध्ये सायकल कशाला? ती मध्ये येऊन काय काय घडवते ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

या कामाच्या मुळाशी मिलर्ड फुलर आहेत. अलाबामात वकिली आणि धंदा करून ते तिशीच्या आत लक्षाधीश झाले आणि त्यातच संसार मोडायच्या बेताला आला. नवरा-बायकोने मिळून संपत्ती वाटून टाकली. पुढे जॉर्जियातल्या अमेरिकस गावाजवळ, क्लॅरेन्स जॉर्डन यांच्या ‘कोइनोनिया’ शेतावर त्यांना वाट सापडली. १९४२ साली सुरू झालेल्या या शेतावर काळे-गोरे एका पंगतीला जेवत. एवढ्याच गुन्ह्यासाठी पुढच्या दशकात शेतावर गोळीबार झाले, आसपासच्या व्यापाऱ्यांनी बहिष्कार टाकला. तेव्हा शेतकऱ्यांनी आपला पीकनचा सुकामेवा टपालाने विकून दिवस काढले. घरांची कल्पना याच मातीतली. गरिबाला दिलेल्या उसनवारीवर व्याज घेऊ नये अशी आज्ञा बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात आहे. फुलर यांनी ती जशीच्या तशी पाळायचं ठरवलं. घर बांधून द्यायचं, नफा घ्यायचा नाही, व्याज लावायचं नाही. १९७६ मध्ये यातून ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ उभी राहिली आणि २००५ मध्ये फुलर सेंटर. लोकांना जागं करायला लांबचा पल्ला पायी तुडवायची रीतही त्यांचीच. १९८३ साली ते अमेरिकसहून इंडियानापोलिसपर्यंत, सुमारे ७०० मैल, चालत गेले होते. २००९च्या फेब्रुवारीत ते वारले. पहिली सायकल मोहीम त्यांच्या हयातीतच झाली.

आता पैशाची बाजू. प्रत्येक स्वाराला मोहिमेसाठी ठरावीक रक्कम उभी करावी लागते. ती स्वतःच्या खिशातून टाकून मोकळं होण्यापेक्षा लोकांकडे मागावी अशी अपेक्षा असते. माझ्या मते विश्वासाची पहिली परीक्षा इथेच होते. घाट चढायला पाय लागतात. मागायला अहंकार खाली ठेवावा लागतो. मावशी, शेजारी, ऑफिसातला न बोलणारा सहकारी, सगळ्यांपुढे हात पसरायचा आणि कशासाठी हेही सांगायचं. देणारा मग नुसता देणगीदार उरत नाही. आज कुठे पोचलास, वारा कसा होता, असं तो विचारत राहतो आणि त्याच्या प्रार्थनेत एक रस्ता येऊन बसतो.

सकाळ लवकर सुरू होते. पथाऱ्या गुंडाळायच्या, टायरमधली हवा पाहायची, चेनला तेल द्यायचं. निघण्याआधी सगळे गोल उभे राहतात, शास्त्रवचन वाचलं जातं, प्रार्थना होते. दिवसाचा पल्ला साधारण ११० ते १२० किलोमीटरचा. पाणी, खाणं, जादा ट्यूब घेतलेली मदतीची व्हॅन सोबत असते.

शरीराचा हिशेब मात्र कुणाला चुकत नाही. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो जोरात सायकल हाणली तर दोनेक तासांत संपत येतो. मग पाय लाकडासारखे होतात, डोकं चालेनासं होतं, चिडचिड होते. भूक लागायच्या आधी खायचं आणि तहान लागायच्या आधी प्यायचं, हे दोन-चार दिवसांत प्रत्येकाला कळतं. सर्वात मोठा शत्रू समोरचा वारा. चढाला निदान माथा असतो; मैदानी मुलखात वारा दिवसभर छातीवर असतो. त्यावर उपाय एकच. एकामागे एक, चाकाला चाक जवळ ठेवून ओळ करायची. पुढचा हवा कापतो आणि मागच्यांचे बरेच श्रम वाचतात. काही मिनिटांनी पुढचा बाजूला होऊन शेपटाला येतो, दुसरा पुढे जातो. ओळीत दमलेला माणूस असेल तर त्याची पाळी इतर जण घेतात. एकमेकांची ओझी वाहा हे बायबलमधल्या प्रेषित पौलाचं सांगणं कितीदा तरी ऐकलेलं असतं. इथे पुढच्याची पाठ बघत सहा तास ते पायांनी शिकावं लागतं.

संध्याकाळी गावातली मंडळी जेवण घेऊन वाट बघत असते. कुणी शाळेत अंघोळीची सोय केलेली असते, कुणी आपला हॉल उघडून दिलेला असतो. यामुळे खर्च आटोक्यात राहतो आणि देणगीतला मोठा वाटा घरांकडे वळतो. बाबा आमट्यांची १९८५ची भारत जोडो सायकल यात्रा आठवणाऱ्यांना हे सहज समजेल. लांबची यात्रा वाटेतल्या गावांच्या चुलींवर चालते. या जेवणांत पंथभेद फारसा उरत नाही. आज बाप्टिस्ट वाढतात, उद्या मेथडिस्ट.

काही दिवस सायकल ठेवून हातोडी घ्यायची असते. हे दिवस मला मोहिमेचा गाभा वाटतात. अमेरिकेत साध्या घरांच्या छपरावर डांबरी शिंगल्स असतात. जुन्या शिंगल्स सपाट फावड्याने उचकटायच्या, राहिलेले खिळे उपटायचे, कुजलेली फळी बदलायची, वर डांबरी कागद अंथरायचा आणि खालच्या कडेपासून वर नव्या ओळी ठोकत जायचं, म्हणजे वरच्या ओळीचं पाणी खालच्या ओळीवर पडून निघून जातं. कुठे व्हीलचेअरसाठी उतरण बांधायची असते. १ फूट उंचीला १२ फूट लांबी असं तिथलं प्रमाण आहे. दार २ फूट उंचावर असेल तर उतरण २४ फूट लांब. एवढी लाकडं कापताना दिवस संपतो आणि घरातलं म्हातारं माणूस आता एकट्याने बाहेर येऊ शकेल हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसतं.

रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल एक क्रम सांगतो. संकटातून धीर येतो, धीरातून माणूस पारखला जातो आणि त्यातून आशा जन्मते. खुर्चीत बसून हा क्रम उलटा वाटतो, कारण आधी आशा असेल तर माणूस संकट सोसेल असं आपण धरून चालतो. सायकलवर पौलाचा क्रम खरा ठरतो. कालचा वारा पार केला म्हणून आजच्या चढाची भीती कमी होते. काल अनोळखी माणसांनी जेवू घातलं म्हणून उद्याही कुणी तरी दार उघडेल असं वाटतं. ही आशा अनुभवाने कमावलेली असते, म्हणून ती पावसात वाहून जात नाही.

घर दुरुस्त झाल्यावर त्या कुटुंबालाही या साखळीत जागा असते. छोट्या दुरुस्त्यांच्या योजनेत लागलेला खर्च त्यांना सांगितला जातो. व्याज नाही, नफा नाही, कायद्याचा कागदही नाही. जमेल तसे हप्ते त्यांनी ठरवायचे. आलेला पैसा स्थानिक समितीकडे जातो आणि पुढच्या घराच्या शिंगल्स त्यातून येतात. काल ज्याने घेतलं तो आता दुसऱ्याच्या छपराला देतो.