बांधलेले रुमाल आणि कर्करोग

आम्ही इतिहासाचे शिक्षक. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कागद शाबूत असला, तरी रुमाल सोडल्याखेरीज तो वाचता येत नाही. आपल्या शरीरातील पेशींचा कारभारही काहीसा असाच चालतो.

एका मानवी पेशीतील डीएनएचे सारे धागे जोडून सरळ केले, तर लांबी सुमारे २ मीटर भरते. ते सूक्ष्म केंद्रकात मावतात, कारण ते हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेले असतात. आठ हिस्टोनांचे एक रीळ आणि त्यावरील डीएनएचा वेढा यांस न्यूक्लिओसोम म्हणतात. ही कल्पना रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ साली मांडली. अशा असंख्य रिळांच्या माळेस क्रोमॅटिन हे नाव आहे.

डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशींत जनुके तीच असतात. कोणते रुमाल सुटले आणि कोणते बांधलेले राहिले, यावरून त्यांचे काम ठरते. ही सोडबांध करणारे काही प्रथिनसमूह आहेत. ते ऊर्जा खर्चून रीळ सरकवतात किंवा दूर करतात. मग तेथील जनुक वाचले जाते.

हे दप्तरदारच बिघडले, तर वाढीस आवर घालणारी जनुके शाबूत असूनही मिटलेली राहतात, नको ती उघडतात आणि पेशी बेसुमार वाढू लागतात. तान्ह्या मुलांना होणाऱ्या रॅब्डॉइड या दुर्मीळ कर्करोगात अशा एका समूहातील एकच घटक निकामी झालेला असतो, हे १९९८ साली उघड झाले. पुढे सुमारे एकपंचमांश मानवी कर्करोगांत या समूहाच्या जनुकांत बदल आढळले. हाच घटक बहुधा हरवलेला असतो अशा एका सार्कोमावर, जनुके मिटवून ठेवणाऱ्या प्रथिनास रोखणारे औषध २०२० साली अमेरिकेत मंजूर झाले.

आपल्याकडे मूल असे आजारी पडले की पाप, शाप, करणी यांची कुजबुज सुरू होते आणि दोष बहुधा आईच्या माथी येतो. रोगाचे कारण पेशीत आहे. आमचे जे माजी विद्यार्थी आज वैद्यकीय सेवेत आहेत, त्यांनी एवढे तरी आपापल्या वस्तीत जाऊन सांगावे, ही आमची विनंती.