प्लीहेच्या इजा, रस्त्यावरील अपघातांतील
प्लीहेच्या इजा, रस्त्यावरील अपघातांतील : वाहनांच्या अपघातात प्लीहेला (पानथरीला) होणाऱ्या इजा. त्वचेला छेद न जाता पोटावर बसणाऱ्या बोथट आघातामुळे उदरातील ज्या इंद्रियांना वारंवार इजा होते, त्यांत प्लीहा व यकृत ही प्रमुख होत.

प्लीहा मध्यपटलाखाली, डावीकडील नवव्या ते अकराव्या बरगड्यांच्या आड असते. प्रौढात तिचे वजन सु. १५० ग्रॅ. असते. तिचा गर मऊ व रक्ताने भरलेला असून त्यावरील संपुट (आवरण) पातळ असते. हृदयातून दर मिनिटास बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सु. विसावा हिस्सा तिच्यातून वाहतो. त्यामुळे ती फाटल्यास पोटात थोड्याच वेळात पुष्कळ रक्त साठते.

कारणे : दुचाकीच्या हँडलचा पोटावर बसलेला घाव, मोटारीच्या दारावर डावी बाजू आदळणे व मोडलेल्या बरगडीचे टोक आत घुसणे ही नेहमीची कारणे होत. हिवतापासारख्या रोगाने वाढलेली प्लीहा बरगड्यांच्या खाली उतरलेली असते व किरकोळ आघातानेही फाटू शकते.

लक्षणे व निदान : पोटाच्या डाव्या वरच्या भागात दुखते. मध्यपटलाखाली रक्त साठल्यास डाव्या खांद्यातही वेदना जाणवते. या लक्षणास जर्मन शस्त्रक्रियाविशारद हान्स केर यांचे नाव दिलेले आहे. नाडी जलद होणे, त्वचा गार व फिकट पडणे आणि रक्तदाब उतरणे ही अवसादाची चिन्हे होत. तरुणांत बराच रक्तस्राव होईपर्यंत रक्तदाब टिकून राहतो. म्हणून तो प्राकृत आहे एवढ्यावरून धोका नाही असे मानता येत नाही. क्वचित संपुटाखाली साखळलेले रक्त काही दिवसांनी फुटून एकाएकी रक्तस्राव होतो. पोटात रक्त आहे किंवा नाही हे सोनोग्राफीने त्वरित कळते, तर इजेचे स्वरूप सीटी स्कॅनने ठरविता येते. तीव्रतेनुसार इजेच्या पाच श्रेणी मानतात.

उपचार : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फाटलेली प्लीहा काढून टाकणे (प्लीहोच्छेदन) हाच सर्वमान्य उपचार होता, तिच्यावाचून शरीराचे काही अडत नाही, अशी समजूत होती. १९५२ मध्ये किंग व शुमॅकर यांनी प्लीहोच्छेदनानंतर अर्भकांना झालेल्या तीव्र जंतुसंसर्गाकडे लक्ष वेधले. प्लीहा रक्तातील सूक्ष्मजंतू गाळते व प्रतिपिंडे निर्माण करते, हे तिचे कार्य पुढे अधिक स्पष्ट झाले. १९६८ मध्ये उपाध्याय व सिम्प्सन यांनी टोराँटो येथील बालरुग्णालयाच्या अनुभवावरून, अनेक मुलांत शस्त्रक्रियेवाचूनही इजा भरून येते, असे दाखविले. यातूनच प्लीहा वाचविण्याचे धोरण रूढ झाले व पुढे ते प्रौढांतही स्वीकारले गेले.

रुग्णाचे रक्ताभिसरण स्थिर असल्यास त्यास रुग्णालयात ठेवून नाडी, रक्तदाब व रक्तारुण (हीमोग्लोबिन) यांवर बारकाईने लक्ष ठेवतात. रक्तस्राव चालू असल्यास योग्य रुग्णांत रोहिणीत नलिका घालून गळणारी शाखा बंद करतात. रक्ताधान करूनही प्रकृती स्थिरावत नसेल, तर मात्र विलंब न लावता उदर उघडावे लागते. शक्य तेव्हा प्लीहा शिवतात किंवा तिचा काही भाग राखतात, अन्यथा ती काढतात. प्राण वाचविण्यासाठी केलेले प्लीहोच्छेदन आजही योग्यच ठरते.

नंतरची काळजी : प्लीहा भरून येईपर्यंत काही आठवडे ते महिने धक्काबुक्कीचे खेळ वर्ज्य करतात. प्लीहा काढलेल्या व्यक्तीस फुप्फुसगोलाणू, मस्तिष्कावरणशोथ व हीमोफिलस या जंतूंविरुद्धच्या लशी देतात. तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर त्या सु. दोन आठवड्यांनी टोचणे इष्ट असते. हिवतापाच्या प्रदेशात डासांपासून बचाव विशेष महत्त्वाचा ठरतो. अशा व्यक्तीस ताप आल्यास काही तासांतच प्रकृती गंभीर होऊ शकते. हा धोका जन्मभर राहत असल्याने ताप येताच वैद्यास प्लीहा नसल्याचे सांगून प्रतिजैव औषध त्वरित सुरू करणे आवश्यक असते.