माळेगावच्या यात्रेला निघताना : मुक्कामाची ट्रॉली



मार्गशीर्ष अर्धा सरला की आमच्या डोंगरकड्यात एकच बोलणं सुरू होतं : माळेगावला कधी निघायचं? लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा आपल्याला नवी नाही. देवाचं दर्शन, घोड्यांचा आणि बैलांचा बाजार, कुस्त्या, लावणी, लेकरांसाठी पाळणे. तिथं दोन-तीन दिवस राहायचं तर मुक्कामाची सोय आपली आपणच न्यावी लागते. पूर्वी बैलगाडीला तट्ट्या बांधून माणसं जायची. आता त्या जागी ट्रॅक्टरची ट्रॉली आली. आज आपण या ट्रॉलीविषयीच बोलणार आहोत : कोणती घ्यावी, कशी भरावी, आणि तिथं गेल्यावर आपणही थोडी यात्रा कशी पाहावी.

आधी एक पक्कं ठरवू

४ एप्रिल २०२५ चा दिवस आपल्या जिल्ह्यातली कोणतीही बाई विसरलेली नाही. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या बाया ट्रॉलीत बसून शेतकामाला निघाल्या होत्या. नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात ती ट्रॉली विहिरीत गेली आणि सात जणींचा जीव गेला.

म्हणून आमच्या गटाने ठरवलं : ट्रॉली सामानाला, माणसं एसटीला. ट्रॉली हे मालाचं वाहन आहे. त्यातून माणसं नेणं कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे मिळतानाही अडचण येते. ‘सगळे तर जातात’ असं घरचे म्हणतील. त्यांच्यापुढे तिकिटाचा हिशेब ठेवा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासू-सासऱ्यांना तर तिकीटच लागत नाही. ट्रॅक्टरवरही एकटा चालक असावा. चाकावरच्या मडगार्डवर कुणीही बसू नये, जवान पोरंसुद्धा.

ट्रॉली निवडताना

ट्रॉली घरची असो, पाहुण्यांची असो की भाड्याची, निघायच्या दोन दिवस आधी ती उजेडात उभी करून पाहा. हे पाहायला मेकॅनिक लागत नाही.

पहिलं, चाकं किती? दोन चाकांची ट्रॉली लहान वाटेवर बरी वळते, पण ती तराजूसारखी असते. सोडून उभी केली आणि मागं वजन गेलं की पुढून उचलली जाते. मुक्कामाला तिच्या पुढं स्टँड हवा आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली लाकडी ओंडके हवेत. चार चाकांची ट्रॉली जागेवर स्थिर राहते, पण मागं घेताना चालक चांगला सरावलेला लागतो. पाच घरांच्या सामानाला दहा फूट लांबीची ट्रॉली पुरे होते. मोठी मिळाली की आपण उगाच जास्त भरतो.

दुसरं, हूक आणि पिन. पिन झिजलेली नको, आणि तिला खालून अडकवायची कडी हवी. शिवाय ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यात एक मजबूत साखळी जास्तीची लावा. पिन निसटली तर तीच ट्रॉलीला धरून ठेवते.

तिसरं, टायर घासलेले आहेत का, मागचा फाळका नीट बंद होतो का, मागचे दिवे लागतात का? दिवे असले तरी मागं आणि दोन्ही बाजूंना लाल रेडियम पट्टी चिकटवाच. अंधारात उभी असलेली ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसत नाही. प्रवास मात्र दिवसाउजेडीच करायचा.

चौथं, कागद. ट्रॉलीचं स्वतःचं पासिंग आणि विमा असतो. भाड्याने घेताना दोन्ही मागून पाहा.

सामान भरताना

इथं आम्ही एकदा चुकलो होतो. पाण्याचा दोनशे लिटरचा ड्रम सोयीचा म्हणून मागं फाळक्याजवळ ठेवला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा मागं सरळ दोन क्विंटल वजन झालं. रस्त्यात ट्रॉली डाव्या-उजव्या अंगाला झोके घेऊ लागली. चालकाने थांबून सगळं उतरवलं आणि पुन्हा भरलं, तेव्हा कुठं ती सरळ चालली.

दोन चाकांच्या ट्रॉलीत जड सामान तळाला आणि चाकांच्या जरा पुढं ठेवायचं. सगळ्या वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर आला पाहिजे. मागं जड झालं की ट्रॉली डोलते आणि हूक वर उचलू पाहते. अर्धा भरलेला ड्रमही नको, कारण आत पाणी हिंदकळतं आणि ट्रॉलीला ढकलतं. वीस-वीस लिटरचे झाकणाचे कॅन बरे. ते उचलायलाही सोपे. गाद्या, गोधड्या वर ठेवा, त्यावर ताडपत्री टाका आणि दोर आवळा. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर भरलेली ट्रॉलीच ट्रॅक्टरला पुढं लोटते, म्हणून चालकाला घाई करू नका.

पाल ठोकताना

जागा जरा उंचवट्याची घ्या. जनावरांच्या वाटेवर, रस्त्याच्या कडेला आणि विजेच्या तारांखाली नको. बायांचं शौचालय कुठं आहे आणि वाटेत उजेड आहे का, हे आधी पाहून मगच खुंट्या ठोका. चार बांबू आणि जुनी साडी नेली की अंघोळीचा आडोसा होतो. पाळीचं साहित्य प्रत्येकीने आपल्या पिशवीत ठेवावं.

ट्रॅक्टर बंद करून किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे द्या. चाकांना दोन्हीकडून दगड लावा. मग रिकाम्या ट्रॉलीत गादी टाकून लेकरं आणि म्हातारी माणसं झोपवता येतात. जमिनीची ओल लागत नाही. ट्रॉलीच्या खाली मात्र कुणी झोपू नये.

थंडी फार असते म्हणून पालात किंवा ताडपत्री ओढलेल्या ट्रॉलीत कोळशाची शेगडी नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही आणि झोपेतच जीव जातो. एक गोधडी जास्त न्या, शेगडी बाहेर ठेवा. गॅसचा सिलिंडरही उभा आणि बाहेर. पिण्याच्या पाण्यासाठी आशाताईंकडून मेडिक्लोर घ्या आणि बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाका. १०८ आणि ११२ हे नंबर लेकरांनाही पाठ करून द्या.

आणि आपली यात्रा?

सहलीसाठी चाकांवरचं घर बांधून घेण्याची हौस जगात जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल डॉक्टरांनी दोन घोड्यांची अशी एक गाडी करून घेतली. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी कॅरॅव्हॅन धोरण आणलं. त्या डॉक्टरांनी प्रवासाचा आनंद घेतला खरा, पण त्यांच्या सोबत गाडीवान होता आणि नोकरही होता. आपल्या ट्रॉलीसोबत तो नोकर कोण असतो, हे सांगायला नको!

घरची चूल उचलून यात्रेत नेली, तर बाईला यात्रा घडत नाही. आम्ही आता निघायच्या आधीच कामं वाटतो. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी घरून न्यायची, म्हणजे पहिला दिवस चूल नाही. पुढं रोज एकच वेळ स्वयंपाक. पाणी भरणं आणि भांडी घासणं पुरुषांकडे आणि मोठ्या पोरांकडे. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. दुसऱ्या वर्षी पोरांनी न सांगता भांडी उचलली. त्या संध्याकाळी आम्ही सासू-सुना, जावा-जावा मिळून घोड्यांचा बाजार फिरलो. इतकी वर्षं माळेगावला जात होतो, पण तो बाजार आमच्यातल्या कितीजणींनी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टींवर बोला. आपल्या गावात बाया अजून ट्रॉलीतून कामाला जातात का, आणि त्यांच्यासाठी दुसरी गाडी कशी मिळेल? आपल्याकडच्या ट्रॉलीची पिन, दिवे, टायर शेवटचे कुणी पाहिले? आणि यंदाच्या यात्रेत कोणती कामं कुणाकडे?

ट्रॉली सामान नेईल, एसटी आपल्याला नेईल. सगळ्या जणी सुखरूप परत या. येळकोट येळकोट जय मल्हार!