शेवटच्या कडव्यापर्यंत

सकाळी ७. झेंडावंदन झालं आणि फोन सुरू झाले. १५ ऑगस्टला आमच्या वस्तीत दोन सोहळे असतात. १९२२ साली याच तारखेला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत लोककवी वामनदादा कर्डक जन्मले. जयंतीनिमित्त विहारासमोर संध्याकाळी मुलाखती आणि गाणी आहेत. निवेदन माझ्याकडे आहे.

९. आभाळ भरून आलंय. मंडपवाल्याला जास्तीच्या ताडपत्र्या सांगितल्या.

११. भीमनगर-भावसिंगपुऱ्यात एका जुन्या ढोलकीवाल्या काकांकडे. संध्याकाळी काय विचारणार, ते आधी बोलून घेतलेलं बरं. मंचावर एकदम माईक पुढे केला की म्हातारी माणसं गप्प होतात. काकांनी ट्रंकेतून वही काढली. शाई फिकट झाली आहे, कडा कुरतडलेल्या आहेत. त्यांच्या तरुणपणी गायन पार्टी गावात आली की पोरं मंचाजवळ बसून गाणी उतरवून घेत, आणि तीच गाणी पुढच्या गावी पोचत. वामनदादांची हजारो गाणी अशी गावोगाव फिरली. ‘वाटचाल’ हा संग्रह १९७३ साली आला. लोकांना गाणी त्याच्या कितीतरी आधी पाठ होती.

वही चाळताना एक गोष्ट ठळक दिसली. काकांनी प्रत्येक गाणं शेवटच्या कडव्यापर्यंत लिहिलंय. वामनदादा बहुधा त्याच कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफतात. हल्ली वेळ वाचवायला पोरं नेमकं तेवढंच गाळतात.

मला हे सहन होत नाही. मुंबईत मजुरी करणाऱ्या या माणसापुढे कुणीतरी पत्र वाचायला धरलं, तेव्हा त्याला अक्षर येत नव्हतं. ते दुःख त्याला इतकं लागलं की तरुणपणी तो मुळाक्षरं गिरवायला बसला आणि दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं शिकला. १९४३ साली त्याने पहिलं गीत रचलं. असं कष्टाने मिळवलेलं अक्षर त्याने ज्या कडव्यात स्वतःच्या नावासाठी वापरलं, ते गाळायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

दुपारी २. जेवण, निवेदनाचे कागद.

४. माईक तपासणी. पावसाळी हवेने ढोलकीची पुडी उतरली होती. वादक कड्या सरकवून ती चढवत बसला. पेटीवाला काळी चार म्हणतो, गायिकेला काळी दोन हवी. शेवटी गायिकेचं ऐकलं, कारण गळा तिचा आहे. गायकांना बाजूला घेऊन सांगितलं, एक गाणं कमी झालं तरी चालेल, पण शेवटचं कडवं गाळायचं नाही. एका मुलाला ते येत नव्हतं. त्याने काकांच्या वहीतून हातावर लिहून घेतलं.

६.३०. त्रिशरण, पंचशील. बायका लेकरांना घेऊन पुढे बसल्या.

७. पहिलं गाणं, मग मुलाखत. काका बोलायला लागले ते थांबेनात. त्यांनी मांडीवर बोटं वाजवून जुना ठेका दाखवला आणि ढोलकीवाल्याने तो तिथल्या तिथे उचलला. वाद्यांसह उत्तर देणारी अशी मुलाखत मला फार आवडते.

८. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांत गेलेल्या एक आजी. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८ चा, विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधल्या वर्षांत घरं जळाली, माणसं गेली. आजींनी तारखा सांगितल्या नाहीत. जाळपोळीनंतर कुणाच्या अंगणात जमून गाणी म्हटली, तेवढं सांगितलं. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. कोरसला खूण केली.

९. लोक बक्षीस घेऊन मंचाशी येऊ लागले. नावं पुकारली, पण गाणं संपल्यावर. हातावर कडवं लिहिलेला मुलगा शेवटी उभा राहिला. ‘वामन’ हा शब्द आला तेव्हा मागच्या रांगांतूनही टाळ्या पडल्या.

९.५०. समारोप. दहाच्या आत भोंगे बंद करावे लागतात.

१०.३०. सतरंज्या गोळा केल्या. काकांची वही मी घरी आणली आहे; उद्या पानापानाचे फोटो काढून ती परत करणार.

वामनदादांना जाऊन बरीच वर्षं झाली; १५ मे २००४ ला ते गेले. त्यांना ऐकलेली माणसं आता थकली आहेत. तुमच्या घरी अशी वही किंवा कॅसेट असेल, तर तिची नक्कल करून ठेवा, गाव आणि साल लिहून ठेवा. आणि गाणं म्हणाल तेव्हा पूर्ण म्हणा.