सायकल मेळे : दालनातून रस्त्यावर

■ इंटरबाइक : अमेरिकेतला हा मोठा सायकल-व्यापार मेळा १९८२मध्ये सुरू झाला. लास वेगासमध्ये वर्षानुवर्षे भरला, २०१८मध्ये रीनोला हलला आणि २०१९मध्ये भरलाच नाही.

■ युरोबाइक : १९९१पासून जर्मनीतल्या फ्रीड्रिक्सहाफेनमध्ये, २०२२पासून मुक्काम फ्रँकफर्टला.

■ ओहोटी का? नवी मॉडेल्स आता वर्षभर ऑनलाइन झळकतात. विक्रेत्यांना कंपन्या परस्पर बोलावतात. स्टॉलचं भाडं, मालाची ने-आण, माणसांचा मुक्काम हा खर्च डोईजड होतो. शिवाय गालिच्यावर उभ्या केलेल्या सायकलचे गिअर चढावर कसे पडतात, हे कळणार कसं?

■ उघड्यावरचा पर्याय : कॅलिफोर्नियातला ‘सी ऑटर क्लासिक’. शर्यती, स्टॉल आणि सायकल चालवून बघण्याची सोय एकाच ठिकाणी.

■ पुण्यात : कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातली, छत्रीधारी सैनिकांसाठीची घडीची बीएसए बघायला मिळते. खरी गर्दी मात्र रस्त्याकडेला : मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाटात ‘घाटांचा राजा’ ठरतो, ‘डेक्कन क्लिफहँगर’ पुण्याहून गोव्याला जाते आणि जानेवारी २०२६मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ने आंतरराष्ट्रीय स्पर्धकही इथल्या रस्त्यांवर आणले.